जांभळे दिवस

लहानपणी मला घरात सगळे 'लहरी' म्हणायचे. तेव्हा फार राग यायचा. पुढे चौतिसाव्या वर्षी कंपनीने माझ्या मनगटावर 'लहर' नावाचं कडंच चढवलं, तेव्हा म्हटलं, चला, एकदाचा शिक्का बसला.

कडं हलकं होतं, बांगडीहून जरा रुंद, मधोमध एक बारीक दिवा. हर्णैच्या धक्क्यावर आमची लाँच सुटायच्या बेतात होती आणि आरोग्य विभागाची माणसं घाईघाईने एकेकीच्या हातात कडी सरकवत होती. सोबत कानात घालायचं एक बटण. त्यातून गोड आवाजाच्या कुणा बाईने मला चार-दोन प्रश्न विचारले. वारा भणाणत होता, लाँचचा तांडेल शिट्टीवर शिट्टी मारत होता. मी सुचतील ती उत्तरं दिली आणि लाँचमध्ये उडी मारली. त्या उत्तरांनी पुढे माझ्या संसाराचं काय केलं, तेच सांगायला बसले आहे.

आधी आमच्या कामाबद्दल. किनारा दिसेनासा झाला तरी लाँच बराच वेळ जात राहते, तेव्हा कुठे पवनचक्क्या लागतात. तिथे समुद्र फार खोल, म्हणून त्यांना पाया नाही. त्या तरंगतात, तळाशी साखळ्यांनी बांधलेल्या. त्यांच्या मधोमध आमची 'वस्ती', म्हणजे लोखंडी तराफ्यावरचं दुमजली घर. प्रत्येकाने चार आठवड्यांतून एक आठवडा तिथे काढायचा. गिरणीत पाळी असते तशी ही आमची पाळी. पात्यांना गेलेले तडे दोरावर लटकून भरायचे, हे माझं काम.

दोरावर लटकलेलं असताना एक वेळ अशी येते की खालचं पाणी आणि वरचं आकाश एकाच रंगाचं होतं. मधली रेघ पुसली जाते. पाती थांबवलेली असतात, पण लांबच्या चक्क्या फिरत असतात आणि त्यांचा घुमारा हाडांतून ऐकू येतो. आपण टांगलेलो आहोत की तरंगतो आहोत, हे तेव्हा नीट सांगता येत नाही. कितीतरी वेळा मला काम संपल्याचं कळलंच नाही, आणि खालून कुणीतरी हाक मारून मला उतरवलं.

समुद्रावर जाणाऱ्या आम्ही बहुतेकींनी गर्भाशयात हार्मोनचं साधन बसवून घेतलं होतं. त्यात तांब्याचा कणसुद्धा नाही, तरी आम्ही त्याला तांबीच म्हणतो. तिच्यामुळे रक्तस्राव जवळजवळ बंद होतो, आणि तराफ्यावर राहणाऱ्या बाईला याहून मोठं सुख नाही. पण अंडाशयांचं काम बहुतेकींच्या बाबतीत आतल्या आत चालूच राहतं. डॉक्टर निलोफर मुकादम यांनी एकदा सगळ्यांना चहाला बोलावून हे समजावलं होतं. कंपनीच्या डॉक्टर, पण माहेर हर्णैचंच, त्यामुळे त्यांची उदाहरणंही समुद्राची.

"महिन्यात दोन भरत्या येतात," त्या म्हणाल्या. "पहिली इस्ट्रोजेनची. ती चढते तशी पुष्कळ जणींना हुशारी वाटते, माणसं आवडायला लागतात. मग बीज सुटतं आणि दुसरी भरती येते, प्रोजेस्टेरॉनची. तिने अंग किंचित तापतं. आणि या प्रोजेस्टेरॉनपासून एक रसायन तयार होतं, ते मेंदूला थोपटून शांत ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही भरत्या ओसरतात. थोपटणारा हात एकदम निघून जातो. काही जणींना त्याचं काहीच वाटत नाही. काहींना मात्र त्या ओहोटीत रडू येतं, संताप येतो, सगळं नकोसं होतं. दोन-चार दिवसांत पुन्हा मळभ हटतं."

तांबीमुळे किनाऱ्यावर रक्तस्रावाची खूण राहत नाही, म्हणून ओहोटी कधी ते कळत नाही. 'लहर' ते सांगणार होती. त्वचेचं तापमान, घाम, झोप, आवाजातला ताण यांवरून ती रोज अंदाज बांधायची. दिवा हिरवा असला की भरती. जांभळा झाला की ओहोटी, स्वतःला जपा, मोठे निर्णय पुढे ढकला. मला ही कल्पना फार आवडली. इतकी वर्षं मी स्वतःच्या रुसव्याफुगव्यांना नावं ठेवत आले होते, आता त्यांना वेळापत्रक मिळणार होतं.

आणि वेळापत्रक कसं अचूक! समुद्रावरून आले की दिवा हिरवा. दोन आठवडे मी खुशीत. मग हळूहळू जांभळी झाक यायची आणि माझं मनही खरंच खाली खाली जायचं. पुन्हा समुद्रावर गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवा हिरवा आणि मी गाणी म्हणत दोरावर. कानातून 'लहर' म्हणायची, "बघा, मळभ हटलं की नाही?" दर वेळी हटलेलं असायचं. डॉक्टर निलोफरनी माझा आलेख दुसऱ्यांना दाखवायला मागून घेतला होता. असा नमुनेदार आलेख शंभरात एखादीचाच, म्हणाल्या.

माझा नवरा निनाद दापोलीत आंब्याच्या कलमांवर संशोधन करतो. माणूस इतका समंजस की कधी कधी त्याचा राग येतो. त्याने 'लहर'ची माहिती माझ्याआधी वाचून काढली होती.

त्याच सुमारास त्याला पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. काम मोठं, मान मोठा. माझ्यासाठीही कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत जागा होती, पडद्यासमोर बसून पवनचक्क्या बघायच्या. निनाद कांदा चिरत होता आणि मी सोलं भिजत घालत होते, तेव्हा मी म्हणाले, "मला नाही यायचं पुण्याला."

त्याने माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघितलं. जांभळं.

"बरं," तो मऊ आवाजात म्हणाला. "आत्ता नको बोलायला. पुढच्या आठवड्यात बोलू हं."

"पुढच्या आठवड्यात मी समुद्रावर."

"मग आलीस की बोलू. पाठीला शेक देऊ?"

"माझी पाठ दुखत नाहीये, निनाद."

"असू दे, बरं वाटतं." आणि त्याने खरोखर गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या पाठीशी ठेवली. भांडायचं कुणाशी आणि कसं? मी पिशवीला टेकून बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून त्याला आणखी खात्री पटली.

खरं सांगायचं तर मलाही पटली होती. त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचं. आमच्या घरात घोट्यापर्यंत समुद्र आलेला असायचा. कोमट, अगदी स्वच्छ. खुर्च्यांच्या पायांमधून छोटे मासे फिरायचे. निनाद आणि सासूबाई शांत झोपलेले आणि परसात एक पवनचक्की येऊन उभी राहिलेली, ओळखीची बाई दारात उभी राहावी तशी. ती काही बोलायची नाही, फक्त फिरायची. जागी झाले की फरशी कोरडी असायची आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखं व्हायचं. मी 'लहर'ला स्वप्न सांगितलं. ती म्हणाली, "या दिवसांत स्वप्नं दाट पडतात. फार मनावर घेऊ नका."

मग मी मनावर घेणं सोडून दिलं. राग आला की दिवा बघायचे. कंटाळा आला की दिवा बघायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगो जुई, भूक लागली का ते तरी त्या कड्याला न विचारता सांग." मी हसले, आणि हसल्यावर दिवा बघितला.

समुद्रावरून परत आले की सगळं सोपं वाटायचं. अंगात वारा भरलेला असायचा, घरची सोलकढी गोड लागायची, निनाद फारच आवडायचा. अशाच एका हिरव्या संध्याकाळी त्याने पुन्हा पुण्याचा विषय काढला आणि मी म्हणाले, "जाऊ या की. दोरावर किती वर्षं लटकायचं?" त्याने मनगटाकडे बघितलं, हिरवं पाहिलं आणि मला जवळ घेतलं. पुढच्या जांभळ्या आठवड्यात मी पुन्हा नको म्हणाले. ते कुणी मोजलं नाही. मीही नाही.

असं बरेच महिने चाललं. शेवटी एका हिरव्या दिवशी मी राजीनामा दिला. समुद्रावरची माझी जागा एका नवीन मुलीला मिळाली. राजीनामा शुक्रवारी पक्का होणार होता, आणि त्याच शुक्रवारी निनाद पुण्याला होकार कळवणार होता.

त्या आधीच्या सोमवारी लाँच माझ्याशिवाय सुटली.

मी घरीच होते, बांधाबांध करत. कपाटाच्या तळातून माझी दोराची पिशवी निघाली. तिला खाऱ्या पाण्याचा आणि ग्रीसचा वास येत होता. तेवढ्यात कानात 'लहर' बोलली, दर वेळी या दिवशी विचारायची तेच. "पाळी सुरू झाली का?"

"नाही," मी म्हणाले. "आता माझी पाळी कधीच यायची नाही." आणि पिशवी मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडले.

'लहर'ने बहुधा काही हिशेब केला. मग म्हणाली, "जुईली, ही गोड बातमी असू शकते."

"गोड कसली डोंबलाची!"

"घरच्यांना कळवू का?"

"कळव," मी नाक पुसत म्हणाले. "सगळ्या गावाला कळव."

दुपारी निनाद धावतच घरात आला. हातात पेढ्यांचा पुडा, शर्टावर कलमांचं मेण. सासूबाईही मागोमाग आतून आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "अगो, उभी काय राहिलीस? बस आधी. ती पेटी उचलू नको."

निनादचे डोळे भरून आले होते. त्याला असं मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "मला आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"काय?"

त्याने फोन पुढे केला. 'लहर'चा निरोप होता: जुईलीला दिवस गेले असण्याची शक्यता आहे, साधन बसवलेलं असल्याने लवकर डॉक्टरांना भेटावं.

मला हसू यायला हवं होतं. तांबी असताना कसलं बाळ? पण मला हसू आलं नाही. तांबी असूनही कधी कधी राहतं, हे मी ऐकलं होतं. आणि इतके महिने 'लहर' माझ्या आतलं माझ्यापेक्षा जास्त ओळखत आली होती. मी पोटावर हात ठेवला. ते नेहमीसारखंच लागलं, पण माझ्या हाताला काय कळतंय, असं वाटलं. तो दिवस मी आई असल्यासारखी वागले. जिने सावकाश उतरले, सासूबाईंनी दिलेलं दूध प्यायले. निनाद माझ्याशेजारी बसून नुसता बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचं ते सुख बघून मला भीती वाटली. हे त्याच्या आत इतकं होतं आणि मला माहीतच नव्हतं.

डॉक्टर निलोफर बाहेरगावी होत्या, त्या गुरुवारी भेटल्या. त्यांनी तपासणी केली, सोनोग्राफी केली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मग खुर्ची ओढून आमच्या समोर बसल्या.

"गर्भ नाहीये," त्या म्हणाल्या. "तांबी जागेवर आहे. सगळं ठीक आहे."

निनादने मान हलवली. एकदा, दोनदा. मग खिडकीकडे बघत राहिला. मला त्याचा हात धरायचा होता, पण धरला असता तर आम्ही दोघंही रडलो असतो.

"जुईली, पाळी चुकली असं तुला कशावरून वाटलं?" डॉक्टरांनी विचारलं. "तुला तर काही दिसतच नाही ना?"

"मला कुठे वाटलं? कड्याने सांगितलं. ते विचारतं दर महिन्याला, मी उत्तर देते. या सोमवारी होती माझी पाळी, पण मी गेले नाही. नव्या मुलीने घेतली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय घेतलं?"

"माझी पाळी."

"तुझी पाळी दुसऱ्या मुलीने घेतली?"

"हो. राजीनामा दिल्यावर देतातच दुसऱ्याला."

निनाद खिडकीतून वळला. त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. डॉक्टरांनी संगणकावर 'लहर'ची जुनी नोंद शोधली आणि लावली. आधी धक्क्यावरचा वारा ऐकू आला, मग तांडेलाची शिट्टी, मग ती गोड बाई.

"तुमची पाळी कधीपासून?"

"आजपासून!" हा माझा आवाज, वाऱ्यावर ओरडणारा.

"किती दिवस असते?"

"आठवडाभर. हवामान बिघडलं तर दहा दिवससुद्धा!"

"त्रास होतो का?"

"पहिल्या दिवशी पोटात ढवळतं. मग मजा येते!"

"नियमित असते?"

"एकदम! कंपनी चुकूच देत नाही!"

आम्ही तिघंही हसलो. निनाद तर टेबलावर डोकं ठेवून हसला. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि पुसता पुसता थांबल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी लाँचवर आणखी किती जणी होत्या?" त्यांनी घाईने कुठेतरी निरोप पाठवला. मग माझा तो नमुनेदार आलेख पडद्यावर आणला, आणि आमचं हसू आपोआप विरलं.

"खूणच सांगितली नसतीस तर 'लहर' तापमानावर चालली असती," त्या म्हणाल्या. "पण वस्ती डुलते, झोप तुटक, तापमान वेडंवाकडं. आणि बाई स्वतः पहिला दिवस सांगते आहे म्हटल्यावर तिने तुझ्या शब्दावर भरवसा ठेवला. तांबी असताना पाळी आठवडाभर कशी असेल, असा प्रश्न तिला पडला नाही. मलाही पडला नाही. मी हाच आलेख सगळ्यांना दाखवत फिरले. माझी चूक आहे ही, जुईली."

"पण मग माझं मन?" मी म्हणाले. "ते तर दर वेळी बरोब्बर त्याच दिवसांत खाली जायचं."

"जायचं ना. तो आठवडा कुठला, बघ."

मी बघितलं. जांभळा पट्टा दर वेळी समुद्रावर जायच्या आधीच्या आठवड्यावर होता. समुद्रापासून लांब राहून मी कोमेजायचे, आणि त्याच आठवड्यात पुण्याची चर्चा पुढे ढकलली जायची. समुद्रावर पोचले की मी फुलायचे, आणि 'लहर' स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. दर महिन्याला अंदाज खरा ठरत होता, म्हणून दर महिन्याला ती आणखी ठाम होत होती. मला राग आला. घरात येणारं ते कोमट पाणी, परसातली ती पवनचक्की, सगळं मला काहीतरी सांगत होतं, आणि मी ते शेकाच्या पिशवीखाली दाबून टाकलं होतं.

"म्हणजे हार्मोनचं सगळं खोटंच?" निनादने विचारलं.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जमिनीवरच्या आठवड्यांचं तापमान बघा. तिची खरी भरती-ओहोटी आहे, चांगली आहे, पण ती चार आठवड्यांहून लांब चालते. समुद्राच्या पाळीशी तिचा काही संबंध नाही. मागच्या खेपेला ओहोटी वस्तीवर असताना आली असणार."

मला आठवलं. मागच्या खेपेला मी वस्तीच्या गच्चीवर बसून बाबांच्या आठवणीने खूप रडले होते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा दिवा हिरवा होता, म्हणून मला वाटलं होतं, हे रडू तरी नक्की माझं. मी ते डॉक्टरांना सांगितलं. "मग ते रडू खोटं होतं का?"

त्यांनी पडद्यावरचा आलेख मिटवला. "ओहोटी लागली की खडक उघडे पडतात," त्या म्हणाल्या. "ते ओहोटीने आणलेले नसतात. भरतीतही तिथेच असतात." मग त्यांनी चहा मागवला.

निघताना त्यांनी रक्ताच्या तपासणीचा आकडा बघितला आणि थोड्या संकोचल्या. "आणखी एक. प्रोजेस्टेरॉन ओसरतंय. आज मात्र तुझी खरीच ओहोटी आहे."

आम्ही घरी न जाता हर्णैच्या धक्क्यावर गेलो. सूर्य सुवर्णदुर्गाच्या मागे उतरत होता. मासळीचा लिलाव कधीच आटोपला होता आणि बायका रिकाम्या पाट्या धूत होत्या. पवनचक्क्या इथून दिसत नाहीत, पण त्या कुठल्या दिशेला आहेत ते माझ्या अंगाला माहीत असतं. तिकडे तोंड करून मी बसले. मी कडं काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. मनगटावर एक पांढरा पट्टा उरला, तेवढीच कातडी उन्हाने रापली नव्हती.

"तुला मूल हवं आहे," मी म्हणाले.

निनाद पाण्याकडे बघत होता. "हो."

"कधी बोलला नाहीस."

"तुझा चांगला दिवस बघून बोलणार होतो. चांगला दिवस आला की वाटायचं, कशाला आत्ता ही खुशीत आहे तर. आणि वाईट दिवस आला की..." तो थांबला. "मी तुला जपत होतो गं. खरंच मला वाटलं, मी तुला जपतोय."

"माहीत आहे मला. म्हणून तर भांडता आलं नाही."

त्याने तोंड हातांनी झाकलं. तीन दिवस तो बाप होता, आणि आज दुपारपासून नव्हता, आणि त्याबद्दल त्याला कुणी शेक आणून दिला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाट्या धुणाऱ्या एका बाईने आमच्याकडे बघितलं आणि समजुतीने तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "उद्या शुक्रवार. मला तुला काहीतरी सांगायचंय."

सवयीने त्याची नजर माझ्या मनगटाकडे गेली. तिथे नुसती पांढरी कातडी होती. तो ओशाळला आणि त्याने वर बघितलं, माझ्या डोळ्यांत. कितीतरी महिन्यांनी त्याने मला काही विचारण्याआधी माझ्या डोळ्यांत बघितलं होतं.

"आधीच सांगते," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं ते विसरू नकोस. आज माझा दिवस खराखुरा जांभळा आहे. मी रडेन. कदाचित ओरडेनसुद्धा."

"असू दे," तो म्हणाला. त्याने पाय वर घेऊन नीट मांडी घातली आणि तो पूर्ण माझ्याकडे वळून बसला. "बोल. आधी तुझी पाळी. मग माझी."

"मी पुण्याला येणार नाही," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. रडत रडत मी पुढचं सगळं बोलत राहिले. समुद्रावर दिवे लागेपर्यंत मी बोलत होते, आणि त्याने मला मध्ये एकदाही थांबवलं नाही.